साहेबराव मामा आणि स्टीलची ताटं

साहेबराव मामा कशाला भितात असं विचारलं, तर मामी सांगते, "ह्यांना इंचू चावला तर इंचवालाच दवाखान्यात न्यावं लागंल. पण ताट वाजलं की गेले." हे खरं आहे. घरात कोणाच्या हातून ताट पडलं, की हा धिप्पाड माणूस आधी दाराकडे बघतो आणि मग ताटाकडे.

भीती जुनी आहे. लातूरकडून आल्यावर मामा चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आचारी म्हणून लागले. नवीनच असताना एके दिवशी दुसऱ्या शिफ्टला आमटी-भात कमी पडला. फोर्कलिफ्टवरच्या रियाजभाईंनी टेबलावर रिकामं ताट आपटलं. मग त्यांच्या शेजाऱ्यानं, मग सगळ्या हॉलनं. मामा कोठीत शिरले, आतून कडी घातली आणि कांद्याच्या पोत्यांमागं जाऊन बसले. नोकरी टिकली, रियाजभाई पुढे जिवलग झाले, पण तो आवाज काही गेला नाही. निवृत्त होईपर्यंत मामा कायम दीडपट रांधत राहिले. उरलेलं मागच्या ड्रममध्ये जायचं. ड्रम गच्च भरला की मामांचा जीव भांड्यात पडायचा.

अशा माणसाच्या घरी निशिगंधा जन्मली. ती एका कारखान्यात पर्यावरण विभागात आहे. नाव भारदस्त, पण काम कचरा मोजायचं. समर्थशी लग्न ठरलं तेव्हा तिनं घरच्यांना समोर बसवून सांगितलं, "माझ्या लग्नात कचरा होणार नाही."

मी चऱ्होलीला मामांकडेच राहतो. चहा फुकट मिळतो, त्याच्या बदल्यात अशा बैठकांना बसावं लागतं.

"पाण्याच्या बाटल्या नाहीत, माठ ठेवायचे," निशी म्हणाली. "पनीर नाही, थायलंडची फळं नाहीत. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, येसर आमटी, भात, गुळाची लापशी, मठ्ठा. सगळं इथलं, आत्ताच्या दिवसातलं."

"अगं माय," मामी म्हणाली, "लोक म्हणतील, लग्नाला बोलावलं का खुरपायला?"

मामा मात्र खुशीत होते. हे सगळं त्यांच्या हातातलं. आमटीत येसराचं भाजकं पीठ किती घालायचं ते मनात चालू झालं असावं, कारण बोटं हलत होती. तेवढ्यात निशी म्हणाली, "आणि आळंदीच्या धर्मशाळेतून स्टीलची ताटं आणायची. जेवली, धुतली, परत दिली."

मामांची बोटं थांबली.

"पत्रावळ्या घेऊ की. झाडाच्याच असतात."

"हल्लीच्या पत्रावळ्यांना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, पप्पा."

"मामा, पत्रावळ वाजत नाही, म्हणून ना?" मी म्हणालो.

"तू गप रे, दीडशहाण्या."

"आणि दीडपट रांधायचं नाही," निशी म्हणाली. "जेवढे येणार तेवढ्यांचंच. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

मामांनी हात ठेवला. तो उचलायलाच विसरले. निशीला वाटलं, लेक सासरी निघाली म्हणून.

त्या दिवसापासून मामा फोनला चिकटले. "येणार ना? नक्की? लेकरं धरून? सासूबाई जेवतात का नुसता मठ्ठा पितात?" एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझे मामा जनगणनेत लागले का?" मी हसलो. मामा हसत नव्हते. ताट समोर आलं की दोन घास खाऊन उठायचे. मामीनं दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला, मामांना नाही. ते म्हणाले, "पोरीच्या लग्नात ताटं वाजली तर तिला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागंल. आचाऱ्याची पोरगी, अन् पंगत उपाशी उठली."

लग्नाच्या दिवशी सगळं मापात चाललं. चुलींपुढं बसलेल्या बायका भाकऱ्या थापत होत्या, पंगती उठत होत्या, माठ भरले जात होते. मामा सकाळपासून पाण्यावर होते, पण शेवटची पंगत बसताना त्यांनी पहिल्यांदा मान मोकळी केली.

आणि मंगल कार्यालयाच्या फाटकात कंपनीची बस शिरली.

पहिली शिफ्ट सुटून पोरं गणवेशातच आली होती. पुढे रियाजभाई, हातात पुष्पगुच्छ. समर्थही त्याच कंपनीत. त्याच्या घरच्यांनी ही बस मुलीकडची धरली होती, कारण मामांचे जुने लोक. आम्ही ती मुलाकडची धरली होती, कारण जावयाचे दोस्त. दोन्ही बाजूंनी आपलं माप अगदी बरोबर काढलं होतं.

पोरं भुकेलेली होती. वाढप्यांनी सवयीनं रिकामी ताटं मांडून टाकली. आमटीच्या पातेल्याला पळी लागून खरवडल्याचा आवाज आला. पंगतीत कोणीतरी गप्पा मारता मारता बोटांनी ताटावर ठेका धरला. ठण, ठण.

मामा दिसेनात.

ते कोठीत सापडले. दार लोटलेलं होतं आणि हात कडीवर. तोंडाला रंग नव्हता, गळ्यातलं उपरणं घामानं चिकटलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना बघून मलाच भीती वाटली. मला घाबरल्यावर टिंगलच सुचते.

"मामा, इथं कांद्याची पोतीही नाहीत. लपणार कशामागं?"

त्यांनी कडीवरचा हात काढला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बेसन हाय का बघ."

बेसन होतं. तांदूळही होते. मामा आमटीची पळी हातात घेऊन पंगतीपुढे जाऊन उभे राहिले.

"आमटी संपली," ते म्हणाले. "चुकी माझी. पिठलं टाकतो. थांबा जरा, उपाशी नाही जाऊ देणार."

मामांनी डोळे मिटून घेतले.

"अरे साहेबराव," रियाजभाई बसल्या जागेवरून ओरडले, "तेव्हा एवढं बाहेर येऊन बोलला असतास तर मी ताट कशाला आपटलं असतं? टाक पिठलं. मिरची सढळ घाल!"

पोरं हसली. भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात येऊ लागल्या, पिठलं, भात आणि उरलेली लापशी चमचा चमचा.

पंगत उठली. ताटं पुसल्यासारखी लख्ख होती. खरकट्याच्या बादलीत निशीनं वाकून बघितलं, तळ दिसत होता. भरजरी शालूत ती पोरासारखी नाचली. मामांनीही बादलीत बघितलं आणि पुन्हा पांढरे पडले.

"काहीच उरलं नाही," ते पुटपुटले. "म्हणजे पुरलं नाही."

मग ते बसच्या दारात जाऊन उभे राहिले. चढणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "पोट भरलं का? खरं सांगा." पोरं ढेकर देऊन दाखवत होती. मामांना पटत नव्हतं.

सगळ्यात शेवटी रियाजभाई आले, आपलं ताट अजून हातातच घेऊन. ताटात लापशीचा एक घास होता.

"घे, बघ. उरलं. आता जात नाही."

निशी जवळच उभी होती. उष्ट्याबद्दल ती काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. तिनं खरकट्याची बादली पायानं मागं सारली.

मामांनी तो घास उचलून तोंडात टाकला. दिवसभरातला तो त्यांचा पहिला घास.

"गूळ जरा कमी झाला," ते म्हणाले, आणि ताट धुवायला घेऊन गेले. मोरीवर ठेवताना मात्र त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता, हळूच ठेवलं.