न घेतलेला रीड-बॅक

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात पुराच्या ड्यूटीसाठी मला रत्नागिरीला पाठवलं. मी फौजेत, सिग्नलचा हवालदार. शाळेच्या एका खोलीत टेलिफोन, रेडिओ सेट आणि नवाकोरा मोडेम. कोल्हापूरच्या कंट्रोलचे मेसेज घ्यायचे आणि राजापूरच्या बोटींना कळवायचे, एवढंच काम.

मोडेम म्हणजे काय, लोक अजून विचारतात. अहो, कॉम्प्युटरला फक्त एक आणि शून्य कळतं, आणि टेलिफोनच्या तारेतून जातो आवाज. मोडेम एकासाठी एक सूर काढतो, शून्यासाठी दुसरा. पलीकडचा मोडेम ते सूर ऐकून पुन्हा अक्षरं करतो. आमच्याकडे टेलिफोनचा रिसीव्हर मोडेमच्या रबरी वाट्यांत दाबून बसवायचा. तारेत खरखर शिरली की सूर भलताच ऐकू येई. म्हणून नियम होता: आकडा आला की रिसीव्हर उचलायचा आणि पलीकडच्या माणसाला तो वाचून दाखवायचा. रीड-बॅक.

१३१० ला मेसेज आला. पाणी १६०० ला, म्हणजे दुपारी चारला, चढणार. मजकुरात दोन जागी वेडीवाकडी अक्षरं होती. ती मी पाहिली. पण कॅप्टनसाहेब पाहुण्यांना मोडेम दाखवायला आत येत होते. रिसीव्हर उचलला तर कनेक्शन तुटणार, चारचौघांत माझी शोभा होणार.

"रीड-बॅक?" साहेबांनी विचारलं.

"झाला, सर."

दीडशहाणा मी!

राजापूरला बोटीवर नाईक शिवराम होता. तिथल्याच तालुक्यातला. त्याला रेडिओवर कळवलं.

"बोट वन, पाणी १६००. ओव्हर."

"पाणी १६००. रॉजर. आउट."

त्यानं आकडा परत म्हणून दाखवला. नियमाप्रमाणे.

कोल्हापूरनं पाठवलं होतं १४००, म्हणजे दोन. १४०५ ला बोट उलटली. बाकीचे पाण्यातून निघाले, शिवराम नाही निघाला.

चौकशीत मी म्हणालो, "लाइनमध्ये खरखर होती, सर." खरंच होती. रीड-बॅक घेतल्याचंही रेटून सांगितलं. खपलं.

त्याला घरी पोचवायला मीच गेलो. शेजारच्या घरून चहा आला. लाज वाटते सांगायला, मी तो प्यायलो.

"शेवटाला काय म्हटलान रे त्यानं?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

"रॉजर."

"म्हंजे?"

"म्हणजे, समजलं."

"कोणाला म्हटलान?"

"मला."

त्यांनी माझा हात धरला. "बरं झालं बाबा. आपला मानूस होता बोलायला."

ते आता नाहीत, म्हणून इथे लिहितो: नाईक शिवरामनं आकडा बरोबर ऐकला होता. चुकीचा आकडा मी सांगितला.