शेजारच्या आजींचे सरदार

बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, गिरावीनला आले आणि चौथ्याच दिवशी कंटाळले. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, त्यांना घरात बसवेना. मग मीच त्यांना शेजारच्या जर्मन आजींकडे नेलं. आपल्या हाताने आफत ओढवून घेतली, दुसरं काय.

आजी त्यांच्या जर्मनीतल्या छोट्याशा गावाचा इतिहास हाताने लिहीत होत्या. मुलांना, नातवंडांना जर्मन येत नाही म्हणून इंग्रजीत. नव्वदाव्या वाढदिवसाला त्याची पुस्तिका छापून सगळ्यांना द्यायची होती. बाबा म्हणाले, मी टाइप करून देतो. तेही एका बोटाने.

मग काय विचारता. वेस्टमीडच्या लॅबमधली शिफ्ट संपवून यावं, तर जेवताना टेकडीवरची गढी, गढीतले सरदार, कुणी चर्च बांधलं, कुणी जंगल विकलं. आमटी गार व्हायची, पण दुसरा सरदार काही मरायचा नाही. माझी लेक सरळ म्हणायची, "हू केअर्स, आजोबा?" मेल्या त्या सरदारांनी माझं डोकं उठवलं होतं. फाइल तयार झाली तेव्हा सुटले एकदाची म्हणून मी न वाचताच ती प्रेसला पाठवली.

वाढदिवसाला सगळे पुस्तिका चाळत होते. आजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतः एक प्रत उघडली, पानं मागेपुढे केली आणि आम्हा दोघांना किचनमध्ये बोलावलं.

"गढीच्या स्वयंपाकघरातली मुलगी कुठे गेली?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा अगदी समजूतदारपणे म्हणाले, "ते मीच काढलं. धाकट्या सरदारापासून दिवस गेले, मग तिला हाकललं... एवढ्या मोठ्या घराण्याचं असलं काही छापू नये. आमच्याकडे नाही लिहीत असं."

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्याच्या लिखाणाला न विचारता कात्री लावायची आणि वर उपकार केल्यासारखं सांगायचं. तिथेच त्यांना फाडफाड बोलणार होते.

"ती माझी आई," आजी म्हणाल्या.

बाबांच्या हातातला केक तसाच राहिला. बाहेर नातवंडं हसत होती.

"आपण पुन्हा छापून घेऊ, उद्याच," मी कशीबशी म्हणाले. "नाहीतर आत्ता तुम्हीच सांगा ना त्यांना."

"साठ वर्षं तेच करून बघितलं," आजी म्हणाल्या. "तोंडाने सांगता येईना, म्हणून तर लिहिलं होतं."