थाळीपाशी थांबणं

ऐंशीच्या दशकात इस्रायलमधल्या बेर्शेबात आम्ही माहिती साठवणारा प्रोग्राम लिहीत होतो. एकाच नोंदीत दोन कामांनी एकदम हात घालू नये, म्हणून तिला लॉक लावणं माझ्याकडे होतं. एका गिऱ्हाईकाने कळवलं, "तुमच्या लॉकपाशी आमची बाकीची कामं नुसती ताटकळत उभी राहतात. आमच्या पद्धतीचं लॉक बसवू द्या." मी भडकले. लॉक काय घरोघरी वेगळं असतं?

त्याच आठवड्यात आमच्याकडे मलिदा, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंचा नवस-प्रार्थनेचा विधी, होता. पोहे, गूळ, खोबरं, फळं थाळीत मांडून झाली, पण प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांतला एक अजून बसमध्येच होता. तोवर सगळ्यांनी थाळीभोवती गप उभं राहायचं, हा आईचा दंडक. लोद गावाहून आलेली मावशी म्हणाली, "थाळीला हात लावायचा नाही, एवढंच ना? मग उभ्या कशाला? चला, पुऱ्या लाटू."

रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात जाऊन मी गिऱ्हाईकाच्या लॉकसाठी प्रोग्रामात जागा मोकळी केली. कसं थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. नोंद पुरी होईतो तिला हात मात्र लावायचा नाही.

आईला हे सांगितलं, तर ती फणकारली, "म्हणजे मावशीचंच ऐकलंस!" पुढच्या मलिद्याला पोळपाट मात्र तिनेच आधी काढून ठेवला होता.