अख्खं एक वर्ष

युसूफचा फोन आला तेव्हा मी बीदरच्या घरी मेथी निवडत बसले होते. युसूफ कलबुर्गीचा. बेंगळुरूच्या ज्या व्यावसायिक फुटबॉल क्लबात माझा धाकटा भाऊ दत्तू प्रशिक्षक होता, त्या संघाचा तो कप्तान. एरवी हा पोरगा सलाम, तब्येत, जेवण झालं का, एवढं सगळं विचारल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. त्या दिवशी सलामसुद्धा केला नाही. “अक्का... अण्णा उठ नै रै,” एवढंच म्हणाला. दत्तूला सगळी पोरं अण्णाच म्हणायची. मी मास्तरणीच्या सवयीनं त्याच्यावरच डाफरले, डॉक्टरला बोलावलंत का, पाणी दिलंत का... आणि पलीकडून रडण्याशिवाय काही येईना. नव्या हंगामाचा सराव त्याच आठवड्यात सुरू झाला होता. दत्तू मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला. पोरांना वाटलं, अण्णा विचार करतायत. तसाच बसल्या बसल्या गेला माझा भाऊ.

आमचं गाव हळ्ळीखेड. घर शेतकऱ्याचं, घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडायचं झालं तर दखनी. तिथं फुटबॉल कुणाला ठाऊक! पण सरकारी क्रीडा वसतिगृहात नंबर लागला आणि हा जो गेला, तो घरी पाहुण्यासारखाच येत राहिला. आधी खेळला, गुडघा गेल्यावर शिकवायला लागला. शिकवण्याची नोकरी म्हणावी तर तिच्यासारखी बेभरवशाची नोकरी मी पाहिली नाही. माझ्या शाळेत नापास मुलालासुद्धा वर्ष संपेपर्यंत बसू देतात, इथं चार सामने हरले की हंगामाच्या मध्येच “या आता.” मी त्याला चिडवायची, अरे, भाड्याचं घरसुद्धा अकरा महिन्यांच्या करारावर देतात, तुझे मालक तेवढंही देईनात. तो हसायचा. एकदा मात्र हसला नाही. म्हणाला, “अक्का, मला एकदा अख्खं वर्ष पायजे बघ. एकच टीम, पहिल्या प्रॅक्टिसपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. मग हरलो तरी चालतंय.” बाकी कशाचा हट्ट त्यानं आयुष्यात धरला नाही. लग्नाचाही नाही.

त्याची रीत म्हणजे, हरल्यावर संघ बदलायचा नाही. तेच अकरा जण, त्याच जागा. बचावाच्या पोरांना एकमेकांचे पाय न बघता कळले पाहिजेत म्हणे, आणि ते कळायला त्यांना एकत्र हरूही द्यावं लागतं. मालकांना हे कसं पटावं? त्यांना दर सोमवारी नवीन काहीतरी हवं असायचं. मला फोनवर सांगायचा, पेरलेलं रोज उकरून बघायलेत, मग म्हणायलेत उगवंना कामून.

आणि मग ती येळवस. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आणि भाज्या-डाळींची भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातली आंबील पोट फुटेस्तोवर खायचं. शेतात आलेल्या माणसानं नको म्हणायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सामना होता हैदराबादला. हळ्ळीखेड काय, वाटेवरच आहे, असं सांगून दत्तूनं ह्याच युसूफच्या सगळ्या संघाची बस वाकडी करून आमच्या शेतात आणली! मिझोरामची पोरं, केरळची पोरं, सगळी कोपीपुढं मांडी घालून बसलेली. मी आणि भावजया वाढून दमलो. दत्तू स्वतः आंबिलीचा मोगा घेऊन पंगतीत फिरत होता, “घे रे, घे, हे आमचं टॉनिक हाय.” आता आमच्या लोकांना ठाऊक असतं की आंबील पिऊन माणूस संध्याकाळपर्यंत कामाचा राहत नाही. त्यालाही ठाऊक होतंच की! पण घरी आलेल्या लेकरांना अर्धपोटी उठवायचं कसं... पोरं ज्वारीच्या कडेला जी आडवी झाली ती उन्हं उतरेपर्यंत घोरत होती. दुसऱ्या दिवशीही अंगातलं जड गेलं नसावं. सपाटून हरली. आधीचेही दोन सामने गेलेलेच होते. मालकांनी शेतातले फोटो बघितले आणि दत्तूला हैदराबादहूनच घरी पाठवलं.

मी फार चिडले होते. तो मात्र सारखं एकच म्हणायचा, पोरं जेवली मात्र झकास.

त्यानंतर त्या संघाला एका हंगामात इतके प्रशिक्षक झाले की पोरांना नावं ध्यानात राहीनात. संघ तळाला गेला. पोरं दत्तूला फोन करायची, अण्णा, हा असं खेळा म्हणतोय, आम्ही काय करू? दत्तू साफ उडवून लावायचा, तुमचा कोच सांगतोय तसंच करा, मला इचारू नका. माझ्यानं ऐकवेना. म्हटलं, अरे, तुझ्या जागेवर बसलाय तो माणूस, त्याची कसली बाजू घेतोस?

“त्याला तरी वर्ष मिळू दे की, अक्का,” तो म्हणाला.



त्याच सुमाराला त्याला छातीत कळ आली, बीदरलाच स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, आता मैदान बंद. आणि नेमकं तेव्हाच क्लबानं परत बोलावलं. संघ खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता. मी हातापाया पडले. मेलास तर ते हार घालतील आणि दुसरा आणतील, इतकं टोकाचं बोलले. तो शर्टाची बटणं लावत शांतपणे म्हणाला, “ह्या डावाला त्यांनी सबंध पुढचं वर्ष द्यायचं कबूल केलंय. मी जायलोय.” गेला. त्याच जुन्या अकरा पोरांना त्यांच्या जुन्या जागांवर उभं केलं, आणि संघ काठावर का होईना, वाचला. मालकांनी शब्द पाळला. ते अख्खं वर्ष त्याला खरोखर मिळालं होतं हो... त्यातला एक आठवडा जेमतेम वापरला त्यानं.

सामान आणायला मी बेंगळुरूला गेले. मैदानावरच्या प्रशिक्षकाच्या खोलीच्या दारावर आजवर कागदावर नाव लिहून चिकटपट्टीनं लावायचे, युसूफ सांगत होता. दाराचा रंग जागोजागी उखडलेला दिसत होता. ह्या वर्षी मात्र पोरांनीच पितळी पाटी करून आणली होती, दत्तूच्या नावाची, चारी कोपऱ्यांना स्क्रू पिळून. खोलीबाहेर बाकावर एक बॅग होती. ती नव्या प्रशिक्षकाची, दत्तूच्याच हाताखाली काम केलेल्या गोव्याच्या तरुणाची. तो आत जायलाच तयार नव्हता. मला बघून उभा राहिला, म्हणाला, “अक्का, पाटी राहू दे. मी बाहेर बसेन.”

मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण दत्तूनं काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. मी युसूफला पेचकस आणायला लावला.

“अण्णाची पाटी काढ,” मी म्हटलं, “आणि ह्याचं नाव लाव. कागद न्हाई, चिकटपट्टी न्हाई. स्क्रू लावायचे. आन् वर्ष संपेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा न्हाई.”

युसूफ स्क्रू काढत होता आणि पोरं बोळात माना खाली घालून उभी होती.

पाटी बीदरला आणली. घरी लावावी म्हणून एक दिवस हातोडी काढली, आणि घरभर फिरले. लावणार कुठल्या दाराला? आमच्या घरात दत्तूची खोलीच नव्हती. आला की बाहेरच्या दिवाणावर निजायचा. आतली खोली रिकामी करून देते म्हटलं की म्हणायचा, दोन दिवसाला खोली कशाला, अक्का? पाटी टॉवेलात गुंडाळून त्या दिवाणावर ठेवली आहे. कुणी आलं, की मी त्यांना खुर्ची देते.