भाऊजींचा धबधबा

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वांगी चिरत होते. निरोप ऐकला आणि उरलेली वांगीही चिरून सगळी पाण्यात टाकली, नाहीतर काळी पडली असती… भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे यजमान. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांनी हा नियम केला, त्यांची भाऊजींशी गाठ पडलेली नसावी. रामदासपेठेतल्या एका हॉलमध्ये त्यांच्या ऑफिसच्या मंडळींनी शोकसभा घेतली. एकेक जण उठून सांगत होता, साहेबांनी आम्हाला डोंगर दाखवला, जंगल दाखवलं, थेट पाण्याच्या उगमापर्यंत नेलं. माझ्या शेजारी ताई डोळे पुसत होती. मला मात्र हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात धरावा लागला, आणि मी रडते आहे असं समजून दोन बायका उठून माझी पाठ थोपटून गेल्या.

या उगमाची गोष्ट सांगायलाच हवी. भाऊजींचा शिरस्ता असा, की दर हिवाळ्यात शहराबाहेर वाडीला असलेल्या गोडाऊनमधला एखादा ट्रक ओळखीनं मिळवायचा आणि ऑफिसातली चार-सहा कुटुंबं घेऊन रामटेकच्या पुढच्या डोंगरात जायचं. तिथं एक नाला आहे. त्याच्या काठाकाठानं वर चढत गेलं की तो जिथून निघतो ती जागा येते. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला आरामात परत. पण ही वाट पुरुषांची. बायकांनी पायथ्याच्या डोहापाशी थांबायचं, गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे आणि वांग्याची भाजी शिजवायची. पुरुष काठ्या टेकत वर जायचे आणि रोडगे झाले की बरोबर उगवायचे. मग भाऊजी तुपात रोडगा चुरत वरच्या धबधब्याचं वर्णन करायचे… ताडमाड उंचीवरून कोसळणारं पाणी, तुषार, मागं गुहा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढायचे असे की ऐकणाऱ्याचं पोट भरावं. दरवर्षी तो धबधबा थोडा उंच व्हायचा. ताई दरवर्षी विचारायची, "मलेही न्या ना एकदा." ते म्हणायचे, "बाईमाणसाचं काम नाही थे. पाय घसरला तर तुले उचलीन कोन?" सगळे हसायचे, ताईही हसायची आणि रोडगे उलटायला वाकायची. तिनं उभ्या संसारात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. मला शाळेत नोकरी लागली होती आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय सुटली होती. कणकेची परात शेजारणीकडे सरकवली आणि पुरुषांच्या मागोमाग मीही निघाले. पहिल्याच वळणाच्या वर एक मोठा सपाट खडक आहे. त्यावर वर्तमानपत्र अंथरून पत्त्यांचा डाव रंगला होता, आणि भाऊजी उशाला बूट घेऊन, तोंडावर रुमाल टाकून घोरत होते. मी पळसाच्या झुडपांआडून पुढे गेले. सागाची वाळकी पानं, घोट्याएवढं पाणी, मधून मधून दगड. ताईला जमणार नाही अशी एकही जागा त्या वाटेत लागली नाही. आणि वर? एका उंबराच्या मुळांखालून ओंजळभर पाणी झिरपत होतं. बस्स.

खाली येऊन मी खडकावरचा डाव आणि वरचं ओंजळभर पाणी, दोन्ही सगळ्यांसमक्ष सांगितलं. भाऊजींच्या मिशीला तूप लागलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "तू दुसऱ्याच नाल्यानं गेली असशीन वं, सुमन." आणि त्या सगळ्या पदवीधर, पगारदार पुरुषांनी माना डोलावल्या! पत्त्यांच्या एका डावापायी असं साक्षीला उभं राहणं… त्या माना आठवल्या की अजून किळस येते. मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काहून वाद घालून राहिली उगाच? थे दरवर्षी जातेत, त्यायले माहीत नसन का?" भाऊजींच्या थापेचं मला काहीच लागलं नव्हतं. ताईचं हे बोलणं लागलं. त्यानंतर मी त्या सहलीला कधी गेले नाही. भाऊजी गुडघे धरेपर्यंत जात राहिले, आणि नंतर बैठकीत आरामखुर्चीवर पडून पाहुण्यांच्या अंगावर धबधबा सोडत राहिले.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी ताई आपणहून म्हणाली, "चाल, मले थो धबधबा दाखव."

"धबधबा नाही हाये थे, ताई."

"जे हाये थे दाखव."

आम्ही एसटीनं गेलो. लुगडं वर खोचून, चपला हातात घेऊन ताई नाल्याच्या काठानं चढू लागली. सपाट खडकापाशी मी थांबले आणि तो हातानं दाखवला. बसून बसून त्या खडकाचा एक भाग गुळगुळीत झाला आहे, भाऊजींचं खरं स्मारक म्हणाल तर तेच. ताईनं तो नीट पाहून घेतला. "इथंच?" एवढंच म्हणाली आणि पुढे निघाली, जरा भराभरा. उंबराखाली पोचल्यावर ती खाली बसली, कुजलेली पानं हातानं बाजूला केली आणि पाण्याखाली ओंजळ धरली. ती भरायला वेळ लागला… इतक्या वर्षांत त्या माणसासाठी साठवलेले शब्द माझ्या जिभेवर आले होते. ताईनं एक शिवी दिली असती तर मी दहा दिल्या असत्या. ती पाणी प्यायली, ओला हात तोंडावरून फिरवला.

"एवढुसंच हाये म्हणून सांगतलं असतं," ती म्हणाली, "तरी मी आली असती वं."