सईची घोडी

आमच्या सईला कुणी जवळ घेतलेलं सोसत नाही. सात वर्षांची आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. घोड्यावर बसवल्यावर अशी काही मुलं शांत होतात, असं तिच्या थेरपिस्टनं सांगितलं आणि गेल्या रविवारी आम्ही नाशिकमधल्या सातपूरहून निघालो.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. आम्हाला उशीर झाला आणि द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो. हॉर्न ऐकून सई कानांवर हात दाबून किंचाळायला लागली.

"परत फिरायचं का?" महेशनं, माझ्या नवऱ्यानं, आरशात बघत विचारलं.

"नको. एवढं आलोय तर जाऊ."

नाशिकरोड सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. सिन्नरला मिसळ खाल्ली, तीही आळीपाळीनं, कारण सईपाशी गाडीत एकानं बसायला हवं. तिच्यासाठी दहीभाताचा डबा होता.

तबेला सिन्नरच्या पुढे, शेतात आहे. आधी फोन करावा लागतो, डॉक्टरांचं पत्रही लागतं. हेल्मेट तिथंच देतात. सईनं ते दोनतीनदा भिरकावून दिलं. मी ओशाळले.

घोडी सांभाळणाऱ्या मंगलमावशी म्हणाल्या, "असू द्या ताई. राणी लय गरीब हे. थांबंल ती."

राणी खरंच थांबली. शेवटी सई तिच्या पाठीवर बसली. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला तबेल्यातल्या थेरपिस्ट, आणि घोडी संथ चालायला लागली. दुसऱ्या फेरीला सईचं सततचं गुणगुणणं थांबलं. पाठ ताठ झाली. मग ती हळूच पुढे वाकली, राणीच्या मानेभोवती दोन्ही हात टाकले आणि गाल आयाळीत खुपसला.

महेशनं फोटोसाठी मोबाईल काढला होता. तो त्यानं तसाच खिशात ठेवला.

मी रडतेय हे बघून मावशी म्हणाल्या, "चांगलं झालं ना ताई?"

"चांगलंच झालं. पण मला नाही हो तिनं कधी असं धरलं."

मावशींनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर सई पोटभर जेवली. न ओरडता केस विंचरू दिले. विंचरून झाल्यावर मी अलगद तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो बाजूला केला आणि खिडकीपाशी जाऊन बसली. बराच वेळ मी फणीतले केस काढत राहिले.

जावं का, असं विचाराल तर जरूर जा. मूल बदलेल, असं मात्र मी सांगणार नाही. आम्ही आता दर रविवारी जाणार आहोत. सई राणीला बिलगेल आणि मी कुंपणापाशी उभी राहून बघेन.