नबुकीराचा माईक

कावेम्पे वस्तीतल्या व्हिडिओ हॉलमध्ये सिनेमा कुठल्याही देशाचा असो, बोलणार नबुकीराच. सिनेमाचा आवाज बारीक करायचा आणि पडद्याशेजारच्या खोपटात बसून सगळी पात्रं लुगांडात, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत, आपणच वठवायची, हा तिचा धंदा. तिच्या तोंडी चिनी गुंड घरभाड्यावरून भांडायचा आणि गोरी राणी चुलीवरचा कच्च्या केळ्यांचा मटोके करपला म्हणून रडायची. हे काम पुरुषांचं, असं छाती ठोकून सांगणारेच पुढच्या बाकावर शेंगदाणे फोडत तिला ऐकायचे. माईक हातात येण्याआधी ती बाजारात टोमॅटो विकायची, आणि तिथं परत जायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

कालिब्बाला नावाचा हॉलचा मालक निवडणुकीला उभा राहिला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं.

"हीरो आला की माझं नाव घ्यायचं," त्यानं फर्मावलं.

"त्याला त्याचं नाव आहे, साहेब."

मग त्यानं नवंच खूळ काढलं. दोन बायका घरात असताना त्याला नबुकीरा तिसरी हवी झाली. हा आवाज फक्त आपल्यासाठी असावा, असं त्याला वाटायला लागलं. मेल्याला हॉल पुरला नाही!

शनिवारी दुपारी हॉल खच्चून भरला होता. पडद्यावर पदकं लटकवलेला जनरल एका बाईला दरडावत होता. तेवढ्यात कालिब्बाला खोपटात घुसला. एरवी कोणी आत आलं की नबुकीरा माईक बंद करायची. आज तिनं केला नाही.

जनरलचे ओठ हलले आणि हॉलभर कालिब्बालाचा आवाज घुमला, "मुकाट्यानं लग्नाला हो म्हण, नाहीतर उद्यापासून माईक माझ्या पुतण्याकडे! मत असो नाहीतर बाई, मला मागायची सवय नाही."

"अगं बाई, हा तर आपल्या कालिब्बालासारखा बोलतोय!" एक म्हातारी ओरडली.

"सारखा कसला, तोच आहे तो!"

हॉल हसून हसून लोळायला लागला. कालिब्बालानं चवताळून मेन स्विच खाली ओढला. पडदा गेला, माईक गेला.

"बोल आता!" तो अंधारात गरजला.

 नबुकीरा खोपटातून बाहेर आली आणि काळ्या पडद्यासमोर उभी राहिली.

"मग जनरल म्हणाला, बोल आता," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

"आणि बाई काय म्हणाली?" हॉलनं विचारलं.

"बाई म्हणाली, बोलते की. बसा सगळे."

एकही माणूस उठला नाही.